गाडी एक, नावं दोन: इव्हालिया की स्टाईल, ओळखायचं कसं?

डोक्यात जुनी व्हॅन घ्यायचा विचार चालू असेल, तर आजचा भाग शेवटपर्यंत ऐका. पाच-दहा मिनिटांत बरेच पैसे वाचतील.

आमच्या कुहीत माल वाहणारी कोणतीही छोटी गाडी म्हणजे 'छोटा हत्ती'. खरं तर हे 2005 साली आलेल्या टाटा एसचं टोपणनाव. पण जीतो असो की सुप्रो, लोक म्हणणार छोटा हत्तीच. त्याच्याही आधी बजाज टेम्पो कंपनीच्या नावातला 'टेम्पो' असाच सगळ्यांचा झाला. म्हणजे गाड्या वेगळ्या, नाव एक. यात कोणाचं नुकसान नाही. पण उलटं झालं की भानगड होते: गाडी एक आणि नावं दोन.

झालं असं. माझ्या मामेभावाला, म्हणजे आमच्या दादाला, कुही ते नागपूर सवारी मारायची होती. नागपुरातल्या एका एजंटाने त्याला व्हॅन दाखवली. 'निसान इव्हालिया, 2013 मॉडेल.' मागे निसानचा बिल्ला, दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे, आत ऐसपैस जागा. दादा पाच हजार टोकन द्यायला निघाला आणि तेवढ्यात मला फोन केला. "नंबर देतो, मोबाईलवर बघ ना एकदा." मी एमपरिवहन अॅपमध्ये नंबर टाकला. निर्माता: अशोक लेलँड. मॉडेल: स्टाईल.

आता ही स्टाईल काय आहे? निसानने 2012 मध्ये भारतात इव्हालिया आणली. अशोक लेलँड आणि निसान तेव्हा भागीदार होते. दोस्त हा छोटा ट्रक त्याच भागीदारीतला. 2013 मध्ये लेलँडने तीच व्हॅन थोडे फेरफार करून 'स्टाईल' नावाने विकायला काढली. टॅक्सी, हॉटेलची गाडी, स्कूल व्हॅन, अॅम्ब्युलन्स असं धंद्याचं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून. 2015 मध्ये ती बंदही झाली.

या व्हॅनचं मूळ नाव एनव्ही200. जपानमध्ये हीच मित्सुबिशीच्या नावाने विकली गेली, अमेरिकेत शेव्हरोलेच्या, आणि न्यूयॉर्कमध्ये हीच पिवळी टॅक्सी म्हणून धावली. बिल्ले मात्र वेगवेगळे. कंपन्यांचं यात काही चुकलं नाही, नवीन गाडी घडवायचा खर्च वाचतो. चूक तेव्हा होते जेव्हा मधला माणूस बिल्ला बदलून भाव बदलतो.

मग ओळखायचं कसं?

पहिलं, बिल्ल्यावर जाऊ नका. तो गाडीचा सगळ्यात स्वस्त भाग आहे, दुकानात मिळतो. समोरची जाळी दोघींची वेगळी आहे, पण जाळीही बदलता येते.

दुसरं, आरसी बघा. त्यावर निर्माता, मॉडेल आणि वाहनाचा वर्ग लिहिलेला असतो. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा. सतरा अक्षरं-आकडे असतात. पहिली तीन सहसा निर्माता सांगतात: 'एमएटी' टाटा, 'एमए3' मारुती सुझुकी, 'एमबी1' अशोक लेलँड. पण दोन कंपन्यांनी वाटून घेतलेल्या गाडीत फक्त या तिघांवर थांबू नका. शेवटचा शब्द आरसीचाच.

तिसरं, आतलं बघा. दोघींत 1.5 लिटरचं एकच डिझेल इंजिन, पण इव्हालियात ते सुमारे 86 पीएस ताकद देतं आणि स्टाईलमध्ये 75. सवारी भरून चढ चढताना हा फरक कळतो. इंजिनाच्या पार्टची तेवढी चिंता नाही, कारण याच घराण्याचं इंजिन डस्टर, सनी आणि महिंद्रा व्हेरिटोतही होतं. पण सरकत्या दरवाज्याची पट्टी, काचा, बंपर असलं काही मोडलं तर शोधत फिरावं लागतं. सौदा करण्याआधी आपल्या मिस्त्रीला हे विचारा.

चौथं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं: नंबर प्लेट. दादाला दाखवलेल्या गाडीची प्लेट पांढरी होती, म्हणजे खासगी. भाड्याने चालवायची तर पिवळी लागते. त्यासाठी आरटीओत वर्ग बदलायचा, परमिट काढायचं, फिटनेस घ्यायचं. आणि आठ वर्षांपेक्षा जुन्या व्यावसायिक गाडीला फिटनेस दरवर्षी. पांढऱ्या प्लेटवर सवारी घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा अडवू शकते. वर खासगी नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे 2013 ची गाडी 2028 मध्ये पुन्हा आरटीओच्या दारात.

स्टाईल वाईट गाडी आहे का? अजिबात नाही. स्टाईलच्या भावात, स्टाईल म्हणून मिळाली आणि कागद तुमच्या कामाचे असले, तर बिनधास्त घ्या. दादाने हेच एजंटाला सांगितलं. एजंट म्हणाला, "गाडी तर सेमच आहे ना भाऊ!" दादा म्हणाला, "मग कागदावर पण सेम दाखवा." सौदा तिथेच मोडला. टोकनचे पाच हजार खिशातच राहिले.

दादा अजून गाडी शोधतोय. पण आता तो आधी आरसी मागतो, मग दार उघडून बघतो. तुमच्या ओळखीत कोणी जुनी गाडी घेणार असेल, तर टोकन द्यायच्या आधी हा भाग त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात!