फोटो काढा, पण नाव विचारून

आम्ही ट्रॉम्बेच्या बायका आज तुमच्याशी तमाशातल्या बाईच्या फोटोबद्दल बोलणार आहोत. हा विषय बायकांच्या कार्यक्रमात कशाला, असं कुणाला वाटेल. पण ऐका तर खरं.

ट्रॉम्बे, मानखुर्द, चेंबूर या पट्ट्यात देशावरून पोटासाठी आलेली पुष्कळ घरं आहेत. चैत्र लागला की ही माणसं गावच्या जत्रेला जातात. जत्रा म्हटली की तमाशा आलाच. माणसं परत येतात तेव्हा मोबाइल नाचाच्या चित्रणांनी भरलेला असतो. त्यातली बाई कोण, कुठल्या फडातली, असं विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. तिचा नाच गावभर फिरतो, पण तिचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

आधी तमाशा म्हणजे काय ते पाहू. त्याचे मुख्य प्रकार दोन. एक ढोलकी फड. हा तंबू घेऊन गावोगाव फिरतो. त्यात गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग असतो. गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे जत्रा कमिटीवाले तिथे सुपारी द्यायला येतात. दुसरा प्रकार संगीत बारी. सोलापूर जिल्ह्यातलं मोडनिंब, दौंड तालुक्यातला चौफुला, नगर जिल्ह्यातलं जामखेड अशा ठिकाणी तिची कायमची थिएटरं आहेत. तिथे पेटी, तबला, ढोलकीच्या साथीवर लावणी होते. एकीनंतर दुसऱ्या पार्टीची बारी येते, म्हणून संगीत बारी.

पूर्वी तमाशात बाईचं काम पोरगा करायचा. त्याला नाच्या म्हणत. पुढे पवळाबाई हिवरगावकर बोर्डावर उभ्या राहिल्या आणि पठ्ठे बापूरावांच्या फडात त्यांचं नाव गाजलं. विठाबाई नारायणगावकर पोटुशी असताना नाचत होत्या. मध्येच आत गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या, असं आजही सांगतात. 2002 साली त्या गेल्या. आता तमाशातल्या जुन्या कलावंताला राज्य सरकार त्यांच्याच नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. वाईच्या यमुनाबाई वाईकर बसून, नुसत्या चेहऱ्याने आणि हातांनी लावणीचा अर्थ उलगडायच्या. त्यांना 2012 साली पद्मश्री मिळाली. म्हणजे ही शिकून, घासून मिळवलेली विद्या आहे. पायात किलोकिलोचे चाळ बांधून रात्र काढायची, हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

ही विद्या फोटोत नीट टिपणारी माणसंही झाली. संदेश भंडारे यांनी फडांबरोबर फिरून फोटो काढले. त्यांचं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे पुस्तक आहे. सावित्री मेधातुल आणि भूषण कोरगावकर यांनी संगीत बारीतल्या बायकांवर ‘नटले तुमच्यासाठी’ हा माहितीपट केला. पुढे कोरगावकरांनी ‘संगीत बारी’ हे पुस्तक लिहिलं. अशा कामातून तंबूमागची चूल, लेकरं, रियाझ आणि दमलेली माणसंही आपल्याला दिसतात. त्यासाठी आधी त्या बायकांचा विश्वास मिळवावा लागतो.

याच्या उलटही घडतं. 2023 साली एका प्रसिद्ध नृत्यांगनेचं कपडे बदलतानाचं चित्रण चोरून काढून पसरवलं गेलं. त्यावर पुण्यात पोलिसांकडे गुन्हा नोंदवला गेला. मैत्रिणींनो, बाई बोर्डावर नाचली म्हणून तिच्या राहुटीत डोकावायचा हक्क कुणाला मिळत नाही. असं चित्रण काढणं आणि पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी 1 ते 3 वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. आपल्या पोरांच्या कानावर हे घातलंच पाहिजे.

मग आपण फोटो काढायचा कसा? फडाच्या मालकाला किंवा मालकिणीला आधी विचारायचं. मग त्या बाईला वेगळं विचारायचं, कारण मालकाचा होकार म्हणजे तिचा होकार नव्हे. काहींनी आपलं काम सासरी सांगितलेलं नसतं. काहींची मुलं बाहेरगावी शिकत असतात आणि शाळेत कुणी टोमणे मारू नयेत अशी आईची इच्छा असते. ती नको म्हणाली की मोबाइल पदराआड. लेकरांचे फोटो तर आईला विचारल्याशिवाय काढायचेच नाहीत.

उभं राहायचं ते बाजूला, ढोलकीवाल्याच्या अंगाला. तिथून चेहरा आणि हात छान दिसतात. खालून वर मोबाइल धरायचा नाही. गण चालू असताना सगळा फड एकत्र उभा असतो, तेव्हा एक फोटो घ्यायचा. त्यात तुणतुणेवाला, हलगीवाला, सोंगाड्या सगळे येतात. मग गटाच्या वहीत तारीख, गाव, फडाचं नाव, बाईचं नाव आणि तिने काय सादर केलं ते लिहून ठेवायचं. मोबाइलवर पुढे पाठवताना नाव सोबत जाऊ द्यायचं का, हे तिलाच विचारायचं. शेवटी फोटोची एक प्रत छापून तिला द्यायची.

ही प्रत का महत्त्वाची, ते सांगतो. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे. 2024 पासून तिच्यात महिन्याला 5000 रुपये मिळतात. वयाची 50 वर्षं पूर्ण असावी लागतात, उत्पन्नाचीही अट आहे. शिवाय इतकी वर्षं कलेत काम केल्याचे पुरावे लागतात. जन्मभर फिरतीवर असलेल्या बाईने पुरावे कुठे जपून ठेवायचे? तंबू पावसात भिजतो, पेट्या हरवतात. अशा वेळी तारीख आणि गाव लिहिलेला फोटो, जत्रेची पत्रिका किंवा गावाने दिलेलं प्रमाणपत्र कामाला येतं.

म्हणून यंदाच्या जत्रेत महिला गटांनी एक काम करावं. खेळाआधी फडातल्या बायकांना हळदीकुंकू लावा, ओटी भरा, त्यांची नावं माइकवरून सांगा. गटाच्या शिक्क्याचं आणि तारखेचं सन्मानपत्र द्या. त्यावर सरपंचांची सही घ्या. आपल्या गावात कुणी जुनी तमाशा कलावंत राहत असेल तर तिला पंचायत समितीत घेऊन जा आणि मानधनाच्या अर्जाची चौकशी करा. घरात पडलेले तिचे जुने फोटो शोधा. फोटोत कोण आहे, कुठलं गाव आहे, ते तिच्याकडून ऐकून मागे पेन्सिलीने लिहा. ती सांगू शकते आहे तोवरच हे होईल.

बरं तर मैत्रिणींनो, तुमच्या वहीत पहिलं नाव कुणाचं आलं ते आम्हाला जरूर कळवा. राम राम.