चिटणीस आणि त्याची बैठक

अक्काने मोडी कागद मराठीत वाचावा, मी तो तोंडाने इंग्रजीत सांगावा आणि यंत्राने लिहून घ्यावा, अशी आमच्या दांडिया बाजारातल्या घरात २०१३ पासून तीन वर्षे रोज दुपारी व्यवस्था होती. पणजोबांच्या वेळचे कागदांचे दोन रुमाल माळ्यावर पडून होते. अमेरिकेत वाढलेल्या आमच्या भाचरांना मराठी बोलता येते, पण वाचता येत नाही. मोडीची तर गोष्टच नको. घरात मोडी येत होती ती एकट्या अक्काला. ती आजोबांच्या मांडीवर बसून शिकलेली, आणि आता चौऱ्याऐंशी वर्षांची. माझी बोटे संधिवाताने आखडलेली. एक पान टंकायचे म्हणजे संध्याकाळी हळदीचा लेप ठरलेला.

बडोद्याच्या जुन्या घरांना मजकूर सांगून लिहवून घेण्याची रीत काही नवी नाही. सरदाराने लोडाला टेकून सांगावे आणि चिटणिसाने मांडी घालून लिहावे. तो चिटणीस वाड्यात लिही, देवळाच्या ओट्यावर लिही, स्वारीत तंबूतही लिही. माझा नवा चिटणीस मात्र एकाच बैठकीवर बसणारा निघाला.

या चिटणिसाचे कूळ सांगतो. जेम्स बेकर यांनी १९७५ साली अमेरिकेत आपल्या प्रबंधात बोलणे ओळखण्याची एक गणिती रीत मांडली. कानावर पडलेला ध्वनी कोणत्या शब्दाचा असण्याचा संभव अधिक, आणि मागच्या शब्दानंतर तो येण्याचा संभव किती, असा दुहेरी हिशेब करून यंत्राने शब्द निवडायचा. १९८२ मध्ये त्यांनी व त्यांच्या पत्नी जॅनेट यांनी 'ड्रॅगन सिस्टिम्स' काढली. १९९० चे त्यांचे 'ड्रॅगनडिक्टेट' ९,००० डॉलरचे होते, आणि त्यात प्रत्येक शब्दानंतर थांबावे लागे. सलग बोलण्याची सोय झाली ती १९९७ च्या 'ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग'मध्ये. पुढे हा व्यवसाय हात बदलत बदलत 'नुआन्स'कडे आला. मराठी त्याला येत नव्हती. पण इंग्रजी आपल्या हिंदुस्थानी उच्चारात सांगण्याची सोय होती, आणि मला हवी होती तीच.

चूक झाली ती माझी. परदेशातून येणाऱ्या एका नातलगाला मी हा कार्यक्रम आणायला सांगितले, पण माझा संगणक मॅक आहे हे सांगायचे राहिले. मॅकसाठी निराळी आवृत्ती तेव्हा मिळत होती. हाती आला तो विंडोजचा डबा.

एका यंत्रावरचा कार्यक्रम दुसऱ्यावर का चालू नये, असे अक्काने विचारले. कार्यक्रम काही एकट्याने काम करीत नाही. आवाज आण, खिडकी उघड, अक्षर उमटव, अशा आज्ञा तो घटकेघटकेला खालच्या व्यवस्थेला देत असतो. विंडोजला दिलेल्या हाका मॅकला कळत नाहीत. मग वाटा तीन. पहिली, यंत्र सुरू करतानाच विंडोजमध्ये सुरू करायचे. ॲपलने २००६ मध्ये 'बूट कॅम्प' नावाने ही सोय केली होती. पण माझी सारी टिपणे मॅकच्या बाजूला, म्हणजे दर खेपेला यंत्र बंद करून उघडायचे आणि अक्काने तोवर जपमाळ ओढायची. दुसरी वाट 'वाइन'ची. नाव मद्याचे असले तरी १९९३ पासून चाललेला हा दुभाषा आहे. विंडोजच्या हाका तो दुसऱ्या व्यवस्थेच्या भाषेत करून देतो, मात्र त्याला ठाऊक असलेल्या तेवढ्याच. तिसरी वाट म्हणजे मॅकच्या पोटात विंडोजचे एक काल्पनिक यंत्र मांडायचे, भाडेकरूला वाड्यातली एक खोली द्यावी तसे. मी हीच धरली. अर्थात विंडोजची प्रत वेगळी विकत घ्यावी लागली.

वाड्यात भाडेकरू ठेवला की पाण्यावरून कुरबुर होते. इथे ती स्मृतीवरून झाली. माझ्या यंत्रात चार जीबी, त्यातले दोन त्याला दिले, तर दोघेही धापा टाकू लागले. आठ केल्यावर घर शांत झाले. आवाजाची अडचण त्याहून चमत्कारिक. बोललेले आधी मॅकच्या कानावर जाई आणि तिथून आतल्या काल्पनिक कानावर; वाटेत शब्दांची शेपटे तुटत. शेजारच्या पोळीतला दुरुस्तीवाला गुजराती मुलगा म्हणाला, "थई जशे, काका," आणि त्याने यूएसबीचा मायक्रोफोन थेट आतल्या खोलीला जोडून दिला. त्या दिवसापासून तुटलेल्या शेपटांची तक्रार राहिली नाही. लिहिलेले मात्र आतल्या खोलीतच पडे. ते उचलून बाहेर आणणे माझ्या दोन बोटांकडे.

हा कार्यक्रम इंग्रजीत 'गो टू स्लीप' म्हटले की ऐकणे थांबवतो आणि 'वेक अप' म्हटले की पुन्हा ऐकतो. भर दुपारी मी कुणाला झोपवतो, असे अक्का पहिले आठ दिवस विचारीत होती. पण झोपवायला मी विसरतच असे. मग अक्काची मराठी त्याच्या कानात जाई आणि तो बिचारा तिचे इंग्रजी करी. 'रोजमुरा' चे एकदा 'रोझ मोर' झाले. ती ओळ वाचून दाखवली तेव्हा अक्का इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला.

२०१६ च्या पावसाळ्यात अक्का गेली. एक रुमाल पुरा झाला होता, दुसरा अर्ध्यावर. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, गूगलने मराठी बोलून लिहिण्याची सोय आणली, तीही साध्या फोनवर. अक्काचे वाचन जसेच्या तसे मराठीत उतरले असते. ऑक्टोबर २०१८ मध्ये नुआन्सने मॅकची आवृत्ती बंद केली. हात चालत नाहीत म्हणून जे तिच्यावरच लिहीत होते त्यांच्यापैकी कित्येकांना माझी भाडेकरूची वाट धरावी लागली असेल. २०२० अखेर मॅकचा प्रोसेसरच बदलला आणि नव्या यंत्रांवर बूट कॅम्पही उरले नाही. २०२२ मध्ये 'व्हिस्पर' आले. त्याला मराठीही येते आणि ते कोणत्याही बैठकीवर बसते.

भाच्याने नवे यंत्र पाठवले आहे. जुने मोडीत काढ म्हणतो. पण मजकुराबरोबर बोललेला आवाजही जपून ठेवायची सोय त्या विंडोजच्या कार्यक्रमात होती, आणि मी ती सुरू ठेवली होती. मी झोपवायला विसरलो त्या त्या दुपारची अक्का तिथे आहे, आतल्या खोलीत. तो आवाज नव्या यंत्रावर आणण्याचे काम दुरुस्तीवाल्याने हाती घेतले आहे. तोवर जुने यंत्र दिवाणखान्यातच राहील. त्याला नवे काही बसवायचे नाही, असे मी घरात सर्वांना बजावून ठेवले आहे.