नावातली मोकळी जागा

मराठवाड्यात आठ जिल्हे, त्यांची २०२३पर्यंतची नावं: औरंगाबाद, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, उस्मानाबाद. आठही नावं एका शब्दाची. वीस वर्षं ही नावं रोज डोळ्यांखालून जात होती, तरी ही गोष्ट माझ्या कधी लक्षात आली नाही. ती आली सप्टेंबर २०२३मध्ये. फेब्रुवारीत औरंगाबाद शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं होतं, सप्टेंबरात जिल्ह्यांचीही नावं तशीच बदलली. आमच्या चिकलठाण्याच्या छोट्या ऑफिसातून एका बियाणे वितरकाचे जिल्हावार अहवाल रोज रात्री निघतात. ते काढणाऱ्या प्रोग्रॅमला आम्ही ‘रात्रपाळी’ म्हणतो. संध्याकाळी मी यादीतली दोन नावं बदलली आणि घरी गेलो.

सकाळी धाराशिवचे अहवाल जागच्या जागी होते. छत्रपती संभाजीनगरचे नव्हते.

शोधायला अर्धा तास लागला. अहवालांच्या फोल्डरमध्ये ‘छत्रपती’ नावाचा एक रिकामा फोल्डर होता. ‘संभाजीनगर’ नावाचा दुसरा फोल्डर भलत्याच ठिकाणी, प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये तयार झाला होता आणि सगळ्या पीडीएफ फायली तिथे जाऊन पडल्या होत्या. हे असं का झालं, ते कळायला मला ‘रात्रपाळी’ची फाइल वरपासून खालपर्यंत वाचावी लागली. वाचता वाचता लक्षात आलं, की आपल्या प्रोग्रॅममधून दुसरा प्रोग्रॅम कसा चालवायचा हे मी गेल्या पंचवीस वर्षांत जे काही शिकलो, ते सगळं या फाइलमध्ये थराथरांनी साचलेलं आहे.

सर्वांत खालचा थर या फाइलच्याही आधीचा. १९९९. उस्मानपुऱ्यातल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाची युनिक्सची लॅब. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ प्रत्येकाच्या पिशवीत असायचं. मॉरिस बाख यांच्या १९८६च्या युनिक्सवरच्या पुस्तकातल्या एका प्रकरणाची झेरॉक्स हातोहात फिरायची. त्या दिवशी मी पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहिला: आधी फोर्क, मग ‘नमस्कार’ छापायचं. पडद्यावर दोन नमस्कार आले. फोर्कला हाक एकदाच मारली होती, पण उत्तर दोन ठिकाणी आलं. मूळ प्रोसेसला पोराचा, म्हणजे तिच्याच नव्या प्रतीचा, नंबर मिळाला आणि पोराला शून्य. त्या क्षणापासून तेच पान दोन वाचक वाचत होते. तो आनंद आजही मला जसाच्या तसा आठवतो.

फोर्कची कल्पना मेल्विन कॉनवे यांनी १९६३ साली मांडली. केन थॉम्पसन यांनी ती बर्कलीच्या टाइमशेअरिंग सिस्टीमवरून पीडीपी-७च्या युनिक्समध्ये आणली. त्या यंत्रावर फोर्कसाठी असेम्ब्लीच्या फक्त २७ ओळी पुरल्या, असं डेनिस रिची यांनी नोंदवून ठेवलं आहे. आधी स्वतःची प्रत काढायची, मग एक्झेक करून त्या प्रतीत दुसराच प्रोग्रॅम भरायचा. या दोन पावलांच्या मध्ये जी सवड मिळते, त्या सवडीत पोराचं इनपुट कुठून येणार, आउटपुट कुठे जाणार, हे सगळं लावून देता येतं. १९७३ साली डग मॅक्इलरॉय यांच्या आग्रहावरून आलेला, एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला जोडणारा पाइप याच सवडीत जोडला जातो.

पुढचा थर २००२चा. नोकरी नवी होती. सी भाषेतला एक प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी एक पोर जन्माला घालायचा, ते पोर नवी विक्री आली का पाहायचं आणि संपायचं. सगळं सुरळीत चालायचं. पण दर आठवड्याला एकदा सर्व्हर हट्टाला पेटायचा आणि नवी प्रोसेसच सुरू करू द्यायचा नाही. बंद करून चालू केला की पुन्हा आठवडाभर शांत. आम्ही त्याला ‘सोमवारचं दुखणं’ म्हणायला लागलो होतो. एका सोमवारी बंद करण्याआधी मी प्रोसेसची यादी काढली. पानंच्या पानं ‘डिफंक्ट’ लिहिलेल्या ओळी. संपलेली पोरं, पण यादीतून न गेलेली.

शिधापत्रिकेवरचं नाव माणूस गेल्यावर आपोआप कमी होत नाही. घरच्यांनी जाऊन ते कमी करून घ्यावं लागतं. इथेही तसंच. पोर संपलं की त्याची मेमरी परत जाते, उघडलेल्या फायली बंद होतात. पण काम नीट झालं की बिघडलं याचा आकडा घेऊन त्याची एक ओळ कर्नेलच्या यादीत थांबून राहते. मूळ प्रोसेसने वेट करून तो आकडा विचारला, की ओळ पुसली जाते. माझा प्रोग्रॅम विचारतच नव्हता. दिवसाला २८८ ओळी साचत होत्या. आमच्या यंत्रावर एका वापरकर्त्याला साधारण दोन हजार प्रोसेसची मर्यादा होती. सातव्या दिवशी बरोबर हिशेब भरायचा. वेटची एक ओळ घातली आणि सोमवारचं दुखणं कायमचं गेलं. पोराचा आकडा विचारणं हे उपकाराचं काम नाही, ती मूळ प्रोसेसची जबाबदारी आहे, हे मी त्या दिवशी शिकलो.

२००५मध्ये ‘रात्रपाळी’ पायथनमध्ये नव्याने लिहायला घेतली. त्याआधी पायथनमध्ये दुसरा प्रोग्रॅम चालवायच्या इतक्या तऱ्हा होत्या की कुठली कुठे वापरायची तेच कळायचं नाही. ओएस-सिस्टीम होतं, पोपेन होतं, पोपेन-टू, थ्री, फोर होते, शिवाय स्पॉनचे आठ-दहा भाऊ. स्वीडनच्या पीटर ओस्ट्रांड यांनी पीईपी ३२४ या प्रस्तावातून या सगळ्यांच्या जागी सबप्रोसेस हे एकच मॉड्युल सुचवलं, आणि ते ३० नोव्हेंबर २००४ रोजी आलेल्या पायथन २.४मध्ये दाखल झालं. जावामध्ये प्रोसेसबिल्डर आला तोही त्याच वर्षी. दोघांचंही सांगणं एकच होतं: आज्ञा म्हणजे एक लांब वाक्य नव्हे, सुट्या शब्दांची यादी द्या. मी नवं मॉड्युल घेतलं, पण सगळीकडे नाही. जुनं जिथे चालत होतं तिथे ते तसंच राहू दिलं. त्या निर्णयाचा हिशेब अठरा वर्षांनी चुकता झाला.

त्याआधी जून २००८. मृगाच्या आधीचे दिवस, बियाण्यांची विक्री शिगेला. मार्च-एप्रिलमध्ये पन्नास-साठ पानांचा असणारा अहवाल चारशे पानांवर गेला, आणि ‘रात्रपाळी’ मध्येच थिजून राहायला लागली. ना चूक दाखवायची, ना पुढे सरकायची. सीपीयू शून्यावर. तीन रात्री मी ऑफिसातच थांबलो. शेवटी प्रोसेस कुठे अडकली ते दाखवणारं एस्ट्रेस लावून पाहिलं, तर पोर लिहिण्यात अडकलेलं आणि मूळ प्रोसेस वेटमध्ये बसलेली. दोघंही एकमेकांची वाट पाहत होते.

आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे टाकी भरण्याचं गणित घरोघरी पाठ असतं. टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि पाणी अडतं. खालून कुणी पाणी काढलं नाही, तर वरून एक थेंबही आत येणार नाही. पाइपचं तसंच आहे. लिनक्समध्ये तो पूर्वी ४,०९६ बाइटचा होता, २००५ साली ६५,५३६चा झाला. पीडीएफ तयार करणारं घोस्टस्क्रिप्ट आमच्या मराठी फॉन्टबद्दल दर पानाला एक सूचना छापायचं, साधारण दोनशे बाइटची. ती मी पाइपमध्ये घेत होतो, पण काम संपल्यावर वाचू म्हणून बाजूला ठेवत होतो. सव्वातीनशे पानं झाली की पाइप काठोकाठ भरायचा. पुढची सूचना मावेना म्हणून घोस्टस्क्रिप्ट थांबायचं, आणि ते संपत नाही म्हणून मीही थांबायचो. छोट्या अहवालात हा दोष सापडणंच शक्य नव्हतं. सबप्रोसेसमधलं कम्युनिकेट नेमकं यासाठीच आहे: ते आउटपुट आणि एरर दोन्ही पाइप उपसत राहतं आणि मग शेवटाची वाट पाहतं. नव्या मुलांना मी या विषयातलं एकच काही शिकवू शकलो, तर हेच शिकवेन.

पोर थांबवण्याचं प्रकरण २०१३चं. अर्ध्या तासात काम झालं नाही तर मारून टाकायचं, अशी सोय मी घातली. सकाळी पाहतो तर नऊ घोस्टस्क्रिप्ट जोरात चालू. आज्ञा शेलमार्फत, म्हणजे आज्ञेचं वाक्य वाचून ती चालवणाऱ्या प्रोग्रॅममार्फत, जात होती; मी मारत होतो तो शेल, आणि त्याच्या पोटचं घोस्टस्क्रिप्ट पोरकं होऊन एक नंबरच्या इनिटकडे दत्तक जात होतं. मग प्रत्येक कामाला वेगळा गट दिला आणि सिग्नल पूर्ण गटाला पाठवायला लागलो. आधी पंधरा नंबरचा, आवरतं घे म्हणून सांगणारा. दहा सेकंदांनी नऊ नंबरचा. पहिल्याच झटक्याला ‘किल मायनस नाइन’ मारण्याची सवय मला मनापासून खटकते. अर्ध्या फायली आणि अडकलेली कुलपं मागे राहतात, ती कुणाला तरी निस्तरावी लागतात.

मधली वर्षं भराभर गेली. २०१२ साली पायथन ३.३मध्ये टाइमआउट अंगचाच आला, २०१५ला ३.५मध्ये सुटसुटीत रन. सप्टेंबर २०१४च्या शेलशॉक या दोषाने दाखवून दिलं की बॅश या शेलला दिलेल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधल्या मजकुरातूनही परका माणूस आत शिरू शकतो. २०१९मध्ये बाउमन, अपावू, क्रीगर आणि रॉस्को या चौघांनी एका शोधनिबंधात फोर्कलाच निवृत्त करा म्हणून मांडणी केली: आजच्या अवाढव्य, अनेक थ्रेडच्या प्रोग्रॅमांत स्वतःची प्रत काढणं धोक्याचं आणि महागाचं आहे. रोजच्या कामापुरतं मला ते पटतं. पण वर्गात फोर्क हा केवळ इतिहास म्हणून शिकवावा, हे मला पटत नाही. ते दोन नमस्कार ज्याने पाहिले नाहीत, त्याला प्रोसेस म्हणजे काय हे कितीही समजावलं तरी कोरडंच राहतं.

तर, ती सप्टेंबरातली सकाळ. फाइलच्या मध्यावर २००५च्याही आधीच्या पद्धतीच्या दोन ओळी होत्या. एक फोल्डर करणारी, दुसरी त्यात फायली टाकणारी. दोन्हींत जिल्ह्याचं नाव वाक्यात जोडून अख्खं वाक्य शेलला दिलेलं. शेल मोकळी जागा दिसली की तिथे शब्द तोडतो. त्याने पहिल्या ओळीवरून दोन फोल्डर केले आणि काम फत्ते झाल्याचा शून्य परत दिला. दुसऱ्या ओळीत शेवटचा शब्द ‘संभाजीनगर’ हाच मुक्काम धरून फायली तिथे टाकल्या, ‘छत्रपती’ हा फोल्डर आहे म्हणून वगळला आणि तक्रारीचा एक परत दिला. तो एक माझ्या प्रोग्रॅमने वाचलाच नाही. ज्या विचारपुशीचा धडा २००२ साली घेतला होता, ती इथे राहून गेली होती. धाराशिव एका शब्दाचं, म्हणून सुखरूप पोचलं.

तालुकावार अहवाल कधी काढले असते, तर हा दोष पहिल्याच रात्री सापडला असता. परळी वैजनाथ आहे, औंढा नागनाथ आहे. पण वितरकाला जिल्ह्यांपुरतंच हवं होतं, आणि आठही नावं आमच्या बाजूने उभी होती.

दोन्ही ओळी यादीच्या रूपात लिहिल्या, परत येणारा आकडा तपासायला लावला, आणि चाचणीसाठी नावांची एक फाइल केली. पहिलं नाव औंढा नागनाथ, दुसरं परळी वैजनाथ, तिसरं देवनागरीतलं छत्रपती संभाजीनगर, चौथं अवतरणचिन्ह असलेलं. सगळी पार पडली. मग शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीने विचारलं, “सर, नावाची सुरुवातच आडव्या रेघेने झाली तर? समोरचा प्रोग्रॅम त्याला नाव समजेल की ऑप्शन?”

ते पाचवं नाव तिनेच टाइप केलं, आणि चाचणी लाल झाली. मी खुर्ची तिच्या टेबलाकडे ओढली.