पाठीशी मुलूख नसलेलं शहर

पुण्याहून ताम्हिणीकडे निघालं, पौड मागे पडलं की माले येतं आणि मग मुळशी धरणाचं पाणी दिसू लागतं. १९२७ पासून हे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात पडतं आणि तिथली वीज मुंबईकडे जाते. त्यासाठी पन्नासच्या वर गावांच्या जमिनी गेल्या. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला आणि सेनापती बापटांचं नाव त्या लढ्याशी कायमचं जोडलं गेलं.

मोठं शहर असंच जगतं. मुंबईला तानसा, भातसा, वैतरणा लागते. पुण्याला पानशेत, वरसगाव, खडकवासला. भाजी, दूध, वाळू, मजूर, आणि शेवटी कचरा टाकायची जागा, हे सगळं शहराला आजूबाजूचा मुलूख देतो. हा मुलूखच नसेल तर शहराने काय करायचं? सिंगापूर बघायला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने हा प्रश्न सोबत न्यावा. तिथलं पाणी, तिथली घरं, तिथली खाऊगल्ली आणि तिथले दंडसुद्धा या एका प्रश्नातून उलगडत जातात.

एका जिल्ह्यात वीस देश

सिंगापूरचं क्षेत्रफळ सुमारे ७३५ चौरस किलोमीटर आहे. आपला पुणे जिल्हा १५,६४३ चौरस किलोमीटरचा, म्हणजे त्यात वीसहून जास्त सिंगापूर मावतील. सिंगापूरच्या त्या ७३५ मधलीही बरीच जमीन समुद्रात भराव घालून मिळवलेली. १९६० च्या सुमारास बेट जेमतेम ५८० चौरस किलोमीटरचं होतं. एवढ्या जागेत आज साठ लाखांच्या आसपास माणसं राहतात.

१८१९ मध्ये स्टॅम्फर्ड रॅफल्सने ईस्ट इंडिया कंपनीसाठी इथे व्यापारी ठाणं उभारलं. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून, तमिळ मुलखातून, जावा-सुमात्राहून लोक पोटासाठी येत गेले. १९६३ मध्ये सिंगापूर मलेशियात सामील झालं आणि दोनच वर्षांत, ९ ऑगस्ट १९६५ ला, वेगळं पडलं. मागचा मलय मुलूख एका दिवसात परका झाला. ली क्वान यू यांच्या सरकारपुढे तेव्हा पुरेशा शेतीविना, खनिजाविना, पुरेशा पाण्याविना एक बंदर उरलं होतं.

पाणी चार वाटांनी

पाण्याची धास्ती सिंगापूरला १९४२ नेच लावली होती. जपानी फौजा येताना ब्रिटिशांनी खाडीपलीकडच्या जोहोरला जोडणारा भरावाचा रस्ता उडवला, त्याबरोबर तिकडून येणारी जलवाहिनीही तुटली. पुढे बेटावरचे तलाव जपान्यांच्या हाती गेले, फुटलेल्या नळांतून पाणी वाहून जाऊ लागलं आणि १५ फेब्रुवारीला शरणागती आली. पाणी संपत आल्याचा त्यात मोठा वाटा होता.

आज या देशाला पाणी चार वाटांनी मिळतं. पहिली वाट पावसाची: बेटाच्या दोनतृतीयांश भागावर पडणारं पाणी गटारं-नाल्यांतून सतरा तलावांत नेलं जातं. दुसरी मलेशियातल्या जोहोरची, १९६२ च्या करारानुसार. त्याची मुदत २०६१ पर्यंत आहे. तिसरी सांडपाण्याची: २००३ पासून ते अतिसूक्ष्म गाळण्यांतून आणि अतिनील किरणांखालून काढून पिण्यायोग्य करतात. त्यातलं बरंचसं कारखान्यांना जातं आणि थोडं तलावांत सोडतात. चौथी समुद्राची, २००५ पासून खारं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पांची.

मरीना बे हे पर्यटकांचं लाडकं ठिकाण. तिथलं निळं पाणी खाडीचं वाटतं, पण तो आता गोड्या पाण्याचा तलाव आहे. २००८ मध्ये खाडीच्या तोंडावर मरीना बराज नावाचा बांध घातला आणि बेटाच्या सहाव्या हिश्श्याचं पावसाचं पाणी तिथे साठू लागलं. बांधाच्या गच्चीवर हिरवळ आहे, संध्याकाळी तिथे घरोघरची मुलं पतंग उडवतात. या तलावाला मिळणारी सिंगापूर नदी सत्तरच्या दशकात काळी आणि घाण होती. १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं खपून ती साफ केली. काठावरचे वराहपालनाचे गोठे, फेरीवाले, मालाच्या होड्या हलवल्या आणि वस्त्यांना मलनिःसारणाची जोडणी दिली. मुळा-मुठेकाठी राहणाऱ्या माणसाने हा बांध बघितल्याशिवाय परत येऊ नये.

शेजार ठरवून केलेला

मुलूख नसला की आणखी एक गोष्ट होते: भांडण झालं तर गावी निघून जायची सोय उरत नाही. नागरिक आणि कायम रहिवासी यांत सुमारे तीनचतुर्थांश चिनी वंशाचे, साधारण साडेतेरा टक्के मलय आणि नऊ टक्के भारतीय वंशाचे. १९६४ मध्ये चिनी-मलय दंगलींत रक्त सांडलं. एकत्र राहणं आपोआप जमेल यावर या देशाने त्यानंतर कधी भिस्त ठेवली नाही.

मलय, मँडरिन, तमिळ आणि इंग्रजी या चार राजभाषा आहेत. बहुसंख्य चिनी असूनही राष्ट्रगीत मलय भाषेत आहे. दिवाळी, ईद, चिनी नववर्ष, वैशाख पौर्णिमा आणि नाताळ या सगळ्यांना सुट्टी असते. पण खरी कसोटी घरांची. १९६० मध्ये स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत तीनचतुर्थांशाहून जास्त रहिवासी राहतात, तेही बहुतेक ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतलेल्या स्वतःच्या घरात. १९८९ पासून प्रत्येक इमारतीत कोणत्या वंशाची किती कुटुंबं असावीत याची कमाल मर्यादा ठरलेली आहे, त्यामुळे एकाच समाजाची वस्ती होत नाही. या इमारतींचा तळमजला मोकळा असतो. तिथेच मलय लग्नाचा मांडव पडतो, तिथेच चिनी घरातल्या मयताला लोक बसायला येतात, आणि एरवी म्हातारी माणसं बुद्धिबळ मांडून बसतात.

या व्यवस्थेची किंमतही आहे. घर विकताना अल्पसंख्याकांना त्या मर्यादेमुळे गिऱ्हाईक कमी मिळतं, भाव उतरतो. इमारतींसाठी जुनी 'कम्पुंग' म्हणजे खेडी उठवली गेली. मुख्य बेटावर आता लोरोंग बुआंगकोक हे एकच उरलं आहे. आणि या इमारती बांधणारे तमिळ, बांगलादेशी कामगार शहराच्या कडेला मोठ्या वसतिगृहांत राहतात. ते रविवारी लिटल इंडियात भेटतात. मुळशीच्या माणसाला या तिन्ही गोष्टी चटकन दिसतील.

थाळी आणि टेबल

चायनाटाऊनच्या साउथ ब्रिज रोडवर १८२७ चं श्री मारिअम्मन मंदिर आहे, त्याच्या शेजारी चुलिया म्हणजे तमिळ मुसलमानांची जामे मशीद, आणि थोडं चाललं की बुद्धाच्या दाताचं भव्य मंदिर. हे अंतर पायी दहा मिनिटांचंसुद्धा नाही. तिथून मॅक्सवेल हॉकर सेंटरमध्ये जा. एकेकाळी रस्त्यावर विकणाऱ्यांना सरकारने या छपराखाली, नळ आणि गटाराच्या सोयीसह आणलं. २०२० मध्ये युनेस्कोने या संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. हैनानी चिकन-भात, नासी लेमाक, लाक्सा, रोटी पराटा असं सगळं एकाच टेबलावर येतं. टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा धरलेली आहे असं समजा, आणि जेवल्यावर ताट स्वतः उचलून ठेवा. ते सक्तीचं आहे.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं: लाक्सा आणि संबल चटणीमध्ये बहुधा सुकी कोळंबी किंवा तिचं वाटण असतं, भाज्या दिसल्या तरी विचारून घ्यावं. सरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासून शुद्ध शाकाहारी जेवण देतं.

आपल्या खुणा

सिंगापूर १८२५ पासून सुमारे पन्नास वर्षं हिंदुस्थानातल्या कैद्यांचं काळं पाणी होतं. बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यातून बेड्या घालून आणलेल्या माणसांनी तिथले रस्ते आणि सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल बांधलं. पाडांग मैदानावर जुलै १९४३ मध्ये नेताजींनी आझाद हिंद सेनेपुढे भाषण केलं आणि २१ ऑक्टोबरला कॅथे सभागृहात हंगामी सरकार जाहीर केलं. मलायातल्या रबराच्या मळ्यांतून आलेल्या तमिळ मुलींनी इथेच राणी झाशी रेजिमेंटमध्ये बंदूक हाती घेतली. पुढे झाशीची राणी झालेल्या तांब्यांच्या मनूचं नाव त्यांनी छातीवर मिरवलं. मैदानासमोर त्या सेनेची स्मृतिशिला आहे, तिथे पाच मिनिटं थांबावं. आजचे मराठी लोक बहुतेक नोकरीनिमित्त आलेले. महाराष्ट्र मंडळ तिथे गणेशोत्सव करतं, आणि २०११ चं विश्व मराठी साहित्य संमेलन महेश एलकुंचवार यांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात भरलं होतं.

निघण्यापूर्वी

व्हिसा आधी काढावा लागतो. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत आगमनपत्र ऑनलाइन भरायचं, ते सरकारी संकेतस्थळावर मोफत असतं. मुंबईहून विमान साधारण साडेपाच तासांत पोहोचतं, घड्याळ अडीच तास पुढे करायचं. विषुववृत्त जवळ असल्याने पाऊस बारमाही, डिसेंबरच्या आसपास जास्त, छत्री हवीच. मेट्रोत आणि बसमध्ये बँकेचं कार्ड चालतं, नळाचं पाणी बिनधास्त प्यावं. च्युइंग गम आणि ई-सिगारेट नेऊ नये, खोकल्याच्या काही औषधांनाही आधी परवानगी लागते, आणि अमली पदार्थांच्या तस्करीला फाशीसुद्धा होऊ शकते. ओळखीच्याचं पार्सलसुद्धा न उघडता घेऊ नका.

सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात सेंटोसा, नाइट सफारी, गार्डन्स बाय द बे असतंच, तेही बघावं. पण एक दिवस स्वतःसाठी मागून घ्या: सकाळी तोआ पायोहमधल्या गृहनिर्माण मंडळाच्या इमारती, दुपारी मॅक्सवेल, संध्याकाळी मरीना बराज. १९५९ पासून एकाच पक्षाच्या हाती असलेल्या त्या देशाची राज्यपद्धत आपण घ्यावी असं मी म्हणणार नाही. मुळशीच्या सत्याग्रहींना जे म्हणता आलं, ते म्हणण्याची मुभा मला मोलाची वाटते. मात्र शहराने आपलं सांडपाणी आपणच शुद्ध करून पुन्हा वापरावं, हे आपल्यालाही जमण्यासारखं आहे. मुलांना तो बांध दाखवा, आणि परतल्यावर आपल्या नगरसेवकाला पत्र लिहून विचारा की आपल्या प्रभागातलं सांडपाणी कुठे जातं, त्यातलं किती शुद्ध होतं आणि पुढच्या पाच वर्षांत किती होणार आहे.