जनावरांचा डॉक्टर नेमका कोण? गैरसमज आणि वस्तुस्थिती

किनवट तालुक्यातल्या इस्लापूर परिसरात रात्री गाय अडली, तर पहिला फोन जातो तो जवळच्या, ओळखीच्या माणसाला. त्याच्याकडे पदवी आहे, पदविका आहे की नुसता हातचा अनुभव, हे विचारायची ती वेळ नसते. ‘अडली गाय फटके खाय’ ही म्हण अशा वेळी मालकालाही लागू पडते. म्हणून कायद्याने कुणाला काय करता येतं, हे गोठ्यात सगळं ठीक असतानाच समजून घ्यावं.

गैरसमज : सुई मारता येते तो डॉक्टर.
वस्तुस्थिती : भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकालाच करता येतो. महाराष्ट्रात हा कायदा १९९७ पासून लागू आहे. नोंदणीसाठी पशुवैद्यकशास्त्राची पदवी लागते. सध्याचा अभ्यासक्रम एक वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा आहे. मराठवाड्यात हे शिक्षण परभणी आणि उदगीरच्या सरकारी महाविद्यालयांत मिळतं. पण नुसती पदवी पुरत नाही, राज्य पशुवैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव असावं लागतं. ही अट सरकारी दवाखान्यातल्या पशुवैद्यकालाही आहे, खासगीवाल्यालाही.

गैरसमज : पदविकावाले सगळे बोगस.
वस्तुस्थिती : अजिबात नाही. याच कायद्याच्या कलम ३० मध्ये त्यांच्यासाठी वाट ठेवलेली आहे. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशा किरकोळ सेवा पदविका किंवा प्रमाणपत्रधारकांना देता याव्यात, म्हणून राज्य सरकार आदेश काढू शकतं. महाराष्ट्राने २००९ मध्ये तशी अधिसूचना काढली. अट एकच : काम नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि त्याच्या सूचनेनुसार व्हावं. लाळ्या-खुरकूत किंवा घटसर्पाची लस पदविकाधारक पर्यवेक्षकाने टोचली तर त्यात वावगं काही नाही. पोट फाडून वासरू काढणं मात्र त्याचं काम नव्हे. कृत्रिम रेतनाचं प्रशिक्षण घेतलेल्या ‘मैत्री’ कार्यकर्त्याचंही तसंच. लाल कंधारी गाय भरवायला तो आला म्हणून तिच्या तापावर औषधही त्यानेच द्यावं, असं होत नाही.

गैरसमज : मेडिकलमधून मागच्या वेळचीच बाटली आणली की झालं.
वस्तुस्थिती : प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. औषधाचा अंश दुधात उतरतो, त्यामुळे किती दिवस दूध घरात वापरायचं नाही आणि डेअरीलाही घालायचं नाही, हे चिठ्ठी देणाऱ्याने सांगायला हवं. एका औषधाने काय होतं, याचा धडा गिधाडांनी दिला आहे. डायक्लोफिनॅक टोचलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं संपत चालली, तेव्हा २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन वापरायलाही २०१९ पासून मनाई आहे.

गैरसमज : दाखला काय, कुणीही लिहून देईल.
वस्तुस्थिती : कायद्याने लागणाऱ्या आरोग्य दाखल्यावर नोंदणीकृत पशुवैद्यकाचीच सही चालते. कोर्टात पशुवैद्यकीय तज्ज्ञ म्हणून साक्षही तोच देऊ शकतो. याचा फटका विम्यात बसतो. विमा उतरवलेला बैल दगावला, तर त्याला पुरायची घाई करू नये. आधी विमा कंपनीला कळवावं, शवविच्छेदन करून घ्यावं आणि तोवर कानातला पिवळा बिल्ला काढू नये. बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक, पॉलिसीतला क्रमांक आणि शवविच्छेदन अहवालातला क्रमांक जुळले नाहीत, तर दावा तिथेच अडतो.

गैरसमज : परिषद म्हणजे डॉक्टरांची संघटना, ती आपल्या माणसाला सांभाळून घेणार.
वस्तुस्थिती : नागपूरची महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद कायद्याने स्थापन झालेली आहे. तिच्यात पशुवैद्यकांनी निवडून दिलेले सदस्य असतात, पण नोंदवही राखणं आणि गैरवर्तनाची चौकशी करणं ही तिची जबाबदारी आहे. पशुवैद्यकांच्या आचारसंहितेचे नियम १९९२ पासून आहेत. दोष सिद्ध झाला तर नोंदवहीतून नाव काढलं जाऊ शकतं. नुकसानभरपाई मात्र परिषद देत नाही. पैसे मोजून घेतलेल्या सेवेत हलगर्जी झाली असेल, तर ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा आहे. दोन्हीकडे कागद लागतो.

आणखी एक अपेक्षा चुकीची ठरते : कायदा आहे म्हणजे डॉक्टर दारात येईल. कायदा फक्त जबाबदार कोण, एवढंच ठरवतो. मुंबईत १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघालं, उदगीरला यायला १९८७ उजाडलं. तांड्या-पाड्यांपर्यंतचं अंतर अजून कापायचं आहे. त्यासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आणि फिरतं पशुचिकित्सा पथक आहे. तो क्रमांक मोबाइलमध्ये घालून ठेवावा. खासगी उपचार घेताना नोंदणी क्रमांक विचारावा, चिठ्ठी लिहून मागावी आणि ती जपून ठेवावी. खरा डॉक्टर या विचारण्याने रागावत नाही. जो रागावतो, त्याच्या हाती जनावर देण्याआधी दोनदा विचार करावा.