कॉलेजात काही घडलं, तर तक्रार नेमकी कुठे करायची?

हा भाग ऐकताना बऱ्याच जणांना कलमं आणि नंबर लिहून घ्यायचे असतात, म्हणून सगळं इथे लिहून ठेवतोय. एसटीत बसून वाचलंत तरी चालेल.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. नारायणगावची एक मुलगी रोज एसटीने पुण्याला विद्यापीठात जाते. मंचरच्या पुढे एक मुलगा बसमध्ये चढतो, त्रास देतो, शिवाजीनगरला उतरल्यावर मागे मागे येतो आणि दुसऱ्या दिवशी थेट डिपार्टमेंटच्या बाहेर उभा असतो. तिने तक्रार कुठे करायची? नारायणगावला, मंचरला, पुण्यात, की विद्यापीठात?

प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर हा पट्टा पुणे ग्रामीण पोलिसांकडे. चाकण आलं की पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालय सुरू होतं, ते २०१८ साली वेगळं झालं. पुढे पुणे शहर पोलिस. म्हणजे पाऊणशे किलोमीटरच्या एका तिकिटात तीन पोलिस दलं. आणि "आमच्या हद्दीत येत नाही" हे वाक्य आपल्याकडे किती जणांनी ऐकलंय, ते वेगळं सांगायला नको.

उत्तर आधीच सांगून टाकतो: यातल्या कुठल्याही ठाण्यात. कसं, ते पुढे बघू.

गेटवरचे काका पोलिस नाहीत

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांचं स्वतःचं पोलिस खातं असतं. गणवेश, गाडी, अटकेचा अधिकार, सगळं. आपल्याकडे तसं नाही. कॉलेजच्या गेटवर जे उभे असतात ते बहुतेक वेळा खासगी एजन्सीचे सुरक्षारक्षक. या एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे, त्यात परवाना, प्रशिक्षण आणि रक्षकाची पार्श्वभूमी तपासणं हे सगळं येतं. पण पोलिसांचे अधिकार त्यांना नाहीत. तुमच्या-माझ्यासारखाच त्यांनाही एक मर्यादित अधिकार आहे: डोळ्यांसमोर कुणी दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा केला, तर त्याला धरून सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. तुमचा फोन काढून घेऊन गॅलरी बघणं किंवा खोलीत बसवून 'कबुली' लिहून घेणं, हे त्यात बसत नाही.

पार्श्वभूमी तपासणीचा मुद्दा कागदी नाही. जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात अकोल्याहून शिकायला आलेल्या मुलीचा खोलीतच खून झाला. संशय होता तिथेच वर्षानुवर्षं काम करणाऱ्या सुरक्षारक्षकावर. त्याच दिवशी त्याचा मृतदेह रेल्वे रुळांवर सापडला. ज्याच्यावर विश्वास ठेवून पालकांनी मुलगी सोडली, तो माणूस कोण आहे हे विचारण्याचा हक्क पालकांना आणि मुलींना आहे. "असले प्रश्न काय विचारता" असं कुणी म्हटलं, तरी विचारायचे.

पोलिसांना कॅम्पसमध्ये यायला परवानगी लागते का?

हा गैरसमज फार जुना. कुलगुरूंनी किंवा प्राचार्यांनी बोलावल्याशिवाय पोलिस आत येत नाहीत, असा संकेत बऱ्याच ठिकाणी पाळला जातो. पण तो संकेत आहे, कायदा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या ललित कला केंद्राच्या नाटकाचा प्रयोग बंद पाडला गेला. त्यानंतर पोलिसांनी विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांनाच अटक केली आणि कोर्टाने त्यांना जामीन दिला. त्या प्रकरणात कोण बरोबर, यावर भांडणं झाली आणि होतील. आपल्यासाठी मुद्दा एवढाच की कॉलेजचं कुंपण कायद्याला अडवत नाही. आरोपीलाही नाही आणि तक्रार करणाऱ्यालाही नाही. "आधी आमच्याकडे या, पोलिसांकडे आमच्या परवानगीशिवाय जायचं नाही" असं कुठलंही कॉलेज म्हणू शकत नाही.

दोन वाटा, आणि दोन्ही एकदम चालता येतात

पहिली वाट कॉलेजातली. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी यूजीसीचे २०१५ चे नियम आहेत. ते विद्यापीठालाही लागू आणि आपल्या गावातल्या कॉलेजालाही. प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. विद्यार्थ्यांचा मामला असेल तर समितीत तीन विद्यार्थीही हवेत. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी करायची. कारण योग्य असेल तर समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची. समिती तुमचा वर्ग बदलणं, त्या व्यक्तीला तुमच्यापासून लांब ठेवायला सांगणं, असे दिलासे चौकशी चालू असतानाच देऊ शकते.

दुसरी वाट पोलिसांची. समिती कॉलेजची शिस्त बघते, पोलिस गुन्हा बघतात. एकीकडे गेलात म्हणून दुसरं दार बंद होत नाही.

इथे आपल्या भागासाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. नारायणगाव, जुन्नर, मंचरकडे 'कॉलेज' म्हणजे अकरावी-बारावीही तिथेच. तक्रार करणारी मुलगी किंवा मुलगा अठराच्या आतला असेल, तर पोक्सो कायदा लागतो. मग "समितीत मिटवू" हा पर्यायच उरत नाही. लैंगिक अत्याचार कळल्यावर तो पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडपलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेच्या प्रकरणात लोक रेल्वे रुळांवर उतरले, ते याच दिरंगाईच्या रागातून. पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठी ठाण्यात तासन् तास थांबावं लागलं होतं.

रॅगिंगचं वेगळं. महाराष्ट्रात त्यासाठी १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. लेखी तक्रार आली की प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार पोलिसांकडे पाठवायची. त्याने कानाडोळा केला तर त्यानेच गुन्ह्याला साथ दिली, असं कायदा मानतो. रॅगिंगची देशभराची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास.

ठाण्यात गेल्यावर

१ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचं कलम १७३ लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

एक: दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्याने नोंदवून घ्यायची. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. तो नंतर योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. म्हणजे वरच्या उदाहरणातली मुलगी संध्याकाळी घरी येऊन नारायणगाव ठाण्यातही तक्रार देऊ शकते. हद्द शोधणं हे पोलिसांचं काम आहे, तिचं नाही.

दोन: माहिती ऑनलाइनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

तीन: एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय घरी यायचं नाही.

चार: लैंगिक गुन्ह्यांत मुलीची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची.

पाच: ठाण्याने नकार दिला तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोस्टाने पोलिस अधीक्षकांना पाठवा. शहरात असाल तर वरिष्ठ अधिकाऱ्यांना. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. बलात्कार, विनयभंग अशा ठरावीक गुन्ह्यांत माहिती नोंदवून न घेणाऱ्या अधिकाऱ्यालाच सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते.

एक अट मात्र माहीत असू द्या. ज्या गुन्ह्यांना तीन ते सात वर्षांच्या आतली शिक्षा आहे, त्यात वरिष्ठांच्या परवानगीने पोलिस आधी १४ दिवस प्राथमिक चौकशी करू शकतात. तेव्हा लगेच एफआयआर झाला नाही म्हणजे नेहमीच टाळाटाळ, असं नाही. पण चौदा दिवस मोजायचे आणि पंधराव्या दिवशी जाऊन विचारायचं.

आता कागदाचा फरक. ठाण्यातून निघताना हातात काय आहे ते वाचा. एफआयआर म्हणजे तपास सुरू. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, त्यात कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिस तपास करत नाहीत. आणि 'गहाळ' दाखला म्हणजे वस्तू हरवली एवढीच नोंद. लायब्ररीतून फोन चोरीला गेला आणि कुणी म्हणालं, "गहाळ लिहून टाक, नवीन सिम लगेच मिळेल", तर सिम मिळतं खरं, पण चोरी कागदावर घडतच नाही. नव्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र झाली आहे, म्हणून फोनचं बिल जवळ ठेवा, किंमत दाखवता आली पाहिजे.

पुरावा तुमच्या खिशात असतो

घाणेरडे मेसेज आले की पहिली इच्छा होते डिलीट करून ब्लॉक करण्याची. ब्लॉक नंतर करा. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख, वेळ, समोरच्याचा नंबर किंवा प्रोफाइलची लिंक दिसू द्या. मूळ चॅट ठेवा आणि फोन रीसेट करू नका. सीसीटीव्हीचं फुटेज कायम राहत नाही, त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढत जातं. म्हणून त्याच दिवशी प्राचार्यांना दोन ओळींचा अर्ज द्या: अमुक तारखेचं, अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवावं. पोचपावती घ्या.

आणि मित्रमंडळींसाठी: लैंगिक अत्याचार झालेल्या मुलीचं नाव, फोटो, गाव असं काहीही व्हॉट्सअॅपवर फिरवणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. "तिला न्याय मिळावा म्हणून शेअर केलं" हे कारण चालत नाही.

जे मोजत नाहीत, ते दिसत नाही

जुन्नर तालुक्यात बिबट्याने शेळी उचलली की काय होतं? वनखात्याचा माणूस येतो, पंचनामा होतो, नोंद होते, भरपाईचा अर्ज जातो. नोंदी आहेत म्हणून कुठल्या गावात पिंजरा लावायचा हे ठरतं, माणिकडोहला बिबट निवारा केंद्र चालतं. आता सांगा, स्टँडवरून कॉलेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर गेल्या वर्षी किती मुलींची छेड निघाली? आकडा कुणाकडेच नाही. मग त्या रस्त्याला दिवा लावा असं सांगायचं कशाच्या जोरावर?

अमेरिकेत हे एका घरावर आलेल्या संकटातून बदललं. १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या १९ वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. करणारा तिथलाच विद्यार्थी. कॅम्पसवर आधी घडलेले गुन्हे विद्यार्थ्यांना कधी सांगितलेच नव्हते, हे तिच्या आई-वडिलांना नंतर कळलं. ते लढले आणि १९९० मध्ये कायदा झाला. आता तिथल्या विद्यापीठांना दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांतले गुन्ह्यांचे आकडे जाहीर करावे लागतात. कॅम्पस पोलिस किंवा सुरक्षा विभाग असेल तर रोजची गुन्हे नोंदवही लोकांना बघता येते. धोका चालू असेल तर विद्यार्थ्यांना वेळेत इशारा द्यावा लागतो.

आपल्याकडे असा कायदा नाही. लैंगिक छळाच्या तक्रारी किती आल्या आणि किती निकाली निघाल्या, एवढा वार्षिक अहवाल संस्थेने यूजीसीला द्यायचा असतो. चोरी, मारामारी, पाठलाग यांची कॉलेजनिहाय बेरीज कुणी छापत नाही. आणि जिथे अहवालात 'शून्य तक्रारी' लिहिलेलं असतं, तिथे लगेच टाळ्या वाजवू नका. शून्य म्हणजे कधी कधी सगळं ठीक असतं. पण कधी कधी समितीचा पत्ताच कुणाला माहीत नसतो. अनुदानित कॉलेज असेल तर हा अहवाल माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं शुल्क भरून मागता येतो, उत्तर ३० दिवसांत यायला हवं.

आणि घर

खरी अडचण मात्र कलमांत नाही. वाडी-वस्तीवरून येणारी मुलगी गप्प बसते, कारण तिला पोलिसांपेक्षा घरची भीती जास्त असते. "कळलं तर कॉलेज बंद होईल." म्हणजे त्रास देणारा वर्गात बसणार आणि हिचं शिक्षण संपणार. शिक्षा उलट्या माणसाला.

म्हणून हा भाग आईला, आबांना, दादालाही ऐकवा. मुलीने घरी येऊन सांगितलं तर पहिलं वाक्य "तू तिथे गेलीसच कशाला" हे नको. "सांगितलंस ते बरं केलंस, उद्या कुणासोबत जायचं ते बघू" एवढं पुरतं. भाऊ गाडीवर चार पोरं घालून 'समजावायला' गेला, तर तक्रार आधी त्याच्यावरच होते आणि बहिणीची मागे पडते.

या आठवड्यात एकच काम करा. कॉलेजच्या नोटीस बोर्डवर अंतर्गत तक्रार समितीची नावं आणि नंबर शोधा, फोटो काढा, वर्गाच्या ग्रुपवर टाका. बोर्डवर नसेल तर ऑफिसात जाऊन विचारा, दोघी-तिघी मिळून विचारा. नावं लावणं त्यांना बंधनकारक आहे.

नंबर सेव्ह करून ठेवा: तातडीची मदत ११२, महिला हेल्पलाइन १८१, ऑनलाइन फसवणूक आणि सायबर गुन्हे १९३०, अठराखालच्यांसाठी १०९८.

काही प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, नाव सांगायची गरज नाही. भेटू पुढच्या भागात.