पीसी गेला भंगारात, नाव राहिलं डीएनएसमध्ये

मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात ऑफिसचं नेटवर्क सांभाळणाऱ्यांसाठी. प्रिंटरच्या नावाला पिंग केलं आणि भलतंच मशीन उत्तर देतंय? केबल तपासत बसू नका, आधी डीएनएस उघडा.

विंडोज सर्व्हरवर स्कॅव्हेंजिंग, म्हणजे शिळ्या नोंदी आपोआप पुसणं, मुळात बंदच असतं. ते झोनवर आणि सर्व्हरवर, दोन्हीकडे चालू करावं लागतं; बरेच जण एकीकडेच टिक करतात नि वाट बघतात! नो-रिफ्रेश ७ दिवस, रिफ्रेश ७ दिवस. एवढ्यात मशीनने नोंद ताजी केली नाही, तरच ती पुसली जाते. आकडे कमी करायची घाई नको, सुट्टीवरचे लॅपटॉपही उडतील.

हाताने टाकलेल्या नोंदींवर टाइमस्टॅम्प नसतो, म्हणून त्या आपोआप पुसल्या जात नाहीत. त्या आपणच शोधून काढायच्या, झोनचा बॅकअप घेऊन. मग पीसीवर आयपीकॉन्फिगने डीएनएस फ्लश करा, नाहीतर कॅशमधला जुनाच पत्ता येत राहील.